बागेचे तोंड कोणीकडे?

घराच्या खरेदीखतात एक परिच्छेद असा असतो, की जो खरेदीदार सहसा वाचत नाही आणि बँकेचा अधिकारी मात्र त्यावर बोट ठेवून वाचतो. पूर्वेस अमुक यांची मिळकत, दक्षिणेस वीस फुटी रस्ता, पश्चिमेस शेजारचा भूखंड, उत्तरेस सामाईक भिंत. दस्ताच्या भाषेत याला ‘चतुःसीमा’ म्हणतात. तमिळनाडूतील दस्तांतही चार सीमांचा हा उल्लेख ओघाने येतोच. मिळकत नेमकी कोणती, तिच्याविषयी पुढे वाद निघू नये, एवढाच त्याचा कायदेशीर हेतू. परंतु ज्याला घराबरोबर चार झाडेही हवी आहेत, त्याच्या दृष्टीने त्या चार ओळींत आणखी बरेच काही लिहिलेले असते. मोगरा फुलेल की नाही, संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसता येईल की नाही, पाण्याचा टँकर महिन्यातून किती वेळा मागवावा लागेल, याचा अंदाज त्याच ओळींतून बांधता येतो. घराचे तोंड कोणीकडे, हा प्रश्न आपल्याकडे दहा जण विचारतात. बागेचे तोंड कोणीकडे, हे विचारणारा विरळाच.

हा प्रश्न विलायतेत मात्र घराघरांत विचारला जातो. तेथील घरविक्रीच्या जाहिरातीत ‘दक्षिणाभिमुख बाग’ हे शब्द खोल्यांच्या संख्येइतकेच ठळक छापलेले असतात, आणि त्याला सबळ कारण आहे. लंडन साडेएक्कावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर येतो. दहा फूट उंचीच्या भिंतीची दुपारची सावली त्या दिवसांत सदतीस फूट लांब पडते. घराच्या उत्तरेला बाग असेल, तर हिवाळाभर तिला ऊन दिसणे कठीण. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हेच गणित उलटे शिकावे लागते. सिडनीचा सूर्य दुपारी उत्तरेकडे असतो, म्हणून तेथे उत्तराभिमुख परसाला मान. अशा देशांत दिशा ठाऊक असली म्हणजे निम्मा निर्णय झाला, असे म्हणायला हरकत नाही.

अडचण येते ती हा सल्ला जसाच्या तसा उचलून आपल्याकडे आणला म्हणजे. गुळगुळीत कागदावरची गृहसजावटीची मासिके तो आणतात, बांधकाम व्यावसायिकांची माहितीपत्रके आणतात, आणि परदेशी मुलाकडे सहा महिने राहून आलेले आईवडीलही आणतात. दक्षिणेकडे बाग असली की झाले, अशी समजूत त्यातून पक्की होते. दुसरीकडे घरातील वडीलधारी मंडळी दक्षिणेचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात, कारण ती यमाची दिशा. बिचारा खरेदीदार दोहोंच्या कात्रीत सापडतो. या दोन्ही मतांत घर कोणत्या गावी आहे, हा विचारच नसतो.

पुण्याहून किंवा नागपूरहून बदलून चेन्नईला आलेल्या आणि तेथेच घर घ्यावे असे मनात आणलेल्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. शहराच्या मध्यभागी, कूवम नदीच्या दक्षिणेस नुंगंबाक्कम हा जुना भाग आहे. कार्यालये जवळ, शाळा-महाविद्यालये जवळ, झाडी अजून बरीच शिल्लक. योगायोग असा की, दिशांची चर्चा करायला यापेक्षा योग्य गाव हिंदुस्थानात शोधून सापडणार नाही. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासची वेधशाळा १७९२ मध्ये याच नुंगंबाक्कममध्ये उभारली. दुर्बीण ज्यावर बसवली होती तो ग्रॅनाइटचा स्तंभ कॉलेज रोडवरील प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारात आजही उभा आहे. येथील याम्योत्तर वृत्तावरून सूर्य-ताऱ्यांचे वेध घेऊन मद्रासचे रेखांश ठरले. विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये सेंट थॉमस माउंटजवळ सुरू केलेल्या भूमापनाला त्याच रेखांशांचा आधार होता. ग्रीनिचच्या पाच तास एकवीस मिनिटे पुढे असलेली ‘मद्रास वेळ’ही येथलीच. चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला तोही याच वेधशाळेतून. खगोलाचे काम १८९९ मध्ये कोडाईकनालला गेले आणि नुंगंबाक्कमकडे ऊन, वारा, पाऊस यांची नोंद राहिली. चेन्नईचे तापमान म्हणून वृत्तपत्रांत जो आकडा छापून येतो, तो बहुतेक वेळा येथलाच असतो. (याम्योत्तर म्हणजे दक्षिणोत्तर. दक्षिणेला नावे ठेवणाऱ्यांनी हा शब्द एकदा सावकाश उच्चारून पाहावा. त्यात यम आधीच बसलेला आहे आणि त्याच्यावाचून उत्तर दिशाही निश्चित होत नाही.)

नुंगंबाक्कम तेरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे २४ एप्रिलच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काही क्षण माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. महाराष्ट्रात हा ‘शून्य सावली’चा दिवस मे महिन्याच्या मध्यास पुण्या-मुंबईत आणि आणखी काही दिवसांनी नागपुरात येतो. तो साजरा करण्याचा उत्साह अलीकडे शाळाशाळांतून दिसतो. त्या दिवसानंतर काय होते, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. २४ एप्रिलपासून १८ ऑगस्टपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिने, नुंगंबाक्कमचा दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. तो उगवतो ईशान्येच्या बाजूने आणि मावळतो वायव्येच्या बाजूने. पुण्यातही अडीच महिने असेच घडते, पण तेथे त्यातील बराच काळ आभाळ पावसाळी असते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. चेन्नईला नैर्ऋत्य मोसमी पाऊस बेताचाच. तमिळ पंचांगातील ‘अग्निनक्षत्रम्’ हा मे महिन्यातील सर्वांत कडक उन्हाचा काळ नेमका याच चार महिन्यांत पडतो. नुंगंबाक्कमला मे २००३ च्या अखेरीस पारा पंचेचाळीस अंशांवर गेला होता. तेव्हाही सूर्य उत्तरेकडेच झुकलेला होता.

आता घर आणि बाग यांचा हिशेब मांडावा. दुमजली घर, उंची वीस फूट, आणि त्याच्या उत्तरेला दहा फुटांची बागेची पट्टी. डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य साडेत्रेपन्न अंशांवर असतो आणि घराची सावली उत्तरेकडे जवळजवळ पंधरा फूट पडते. म्हणजे दुपारी सगळी पट्टी सावलीत. ज्या दोन-तीन महिन्यांत चेन्नईचे ऊन अंगावर घ्यावेसे वाटते, त्याच महिन्यांत या बागेला ते मिळत नाही. आणि मे-जूनमध्ये, जेव्हा सावलीसाठी जीव कासावीस होतो, तेव्हा तीच पट्टी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडी भाजून निघते. उत्तरेची बाग थंड असते, हे लंडनला खरे आहे. पुण्यालाही वर्षातील बराच काळ खरे आहे. नुंगंबाक्कममध्ये ते हिवाळ्यापुरतेच खरे.

दक्षिणेकडची बाग याच्या उलट वागते. हिवाळाभर तिला ऊन मिळते. जूनमध्ये दुपारी घराची सावली दक्षिणेकडे पडते खरी, पण वीस फूट उंच घराची ती सावली असते जेमतेम चार फुटांची. भिंतीला टेकून ठेवलेल्या दोन कुंड्या तेवढ्या तिच्यात मावतात. म्हणून दक्षिण चांगली की उत्तर, यावर चेन्नईत फार शक्ती खर्च करण्यात अर्थ नाही. तेरा अंशांवरचा सूर्य दोघींकडेही आळीपाळीने जातो. खरा फरक पडतो तो पूर्व आणि पश्चिम यांत, आणि त्यासाठी सूर्याइतकाच वारा लक्षात घ्यावा लागतो.

मराठी माणसाची वाऱ्याविषयीची कल्पना अरबी समुद्राने घडवलेली आहे. शाळेच्या भूगोलात शिकलेले ‘खारे वारे’ त्याच्या मनात पश्चिमेकडून येतात. मुंबईत पश्चिमेची खिडकी म्हणजे वाऱ्याची खिडकी, आणि तिच्यासाठी लोक जादा पैसे मोजतात. चेन्नईत समुद्र पूर्वेला आहे, हे ठाऊक नसलेला कोणी नसेल. पण घर बघताना ते आठवते असे नाही. तेथे दुपारी खारे वारे पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून येतात. उन्हाळ्यात पश्चिमेचा कोरडा वारा जोरात असला, तर हे खारे वारे अडखळतात, उशिरा शहरात शिरतात आणि त्या दिवशी पारा चाळिशी ओलांडतो. तमिळ भाषेने ही गोष्ट फार पूर्वी टिपून ठेवली आहे. चार दिशांच्या वाऱ्यांना तिने चार नावे दिली आहेत. उत्तरेचा वारा तो वाडै, पूर्वेचा कोंडल, दक्षिणेचा तेन्रल आणि पश्चिमेचा कोडै. यांपैकी ‘तेन्रल’ हा शब्द तमिळ काव्यात सुखद झुळकीसाठी येतो. संस्कृत कवींचा मलयानिल तोच. आणि ‘कोडै’ या शब्दाचा दुसरा अर्थ आहे उन्हाळा. पश्चिमेचा वारा आणि उन्हाळा यांना एकच नाव असलेल्या प्रदेशात पश्चिमेची बाग घेणाऱ्याने विचार करूनच घ्यावी.

पूर्वेच्या बागेला सकाळी दहा-अकरापर्यंत कोवळे ऊन मिळते. दुपार कलली की घराचीच सावली तिच्यावर पसरते आणि समोरून समुद्राचा वारा येतो. मोगरा, तुळस, कढीलिंब, मरवा यांना तेवढे ऊन चालते आणि माणसालाही मानवते. शिवाय चेन्नईचा दिवस मुंबईपेक्षा लवकर उजाडतो आणि लवकर मावळतो. जूनमध्ये मुंबईत सव्वासातपर्यंत सूर्य असतो. चेन्नईत पावणेसातच्या आधीच तो बुडालेला असतो, आणि डिसेंबरात तर पावणेसहालाच. कार्यालयातून सहा-साडेसहाला घरी येणाऱ्या नोकरदाराला तेथे संध्याकाळची बाग दिसतच नाही. त्याच्या वाट्याला सकाळचीच बाग येते. पहाटे अंगण झाडून, सडा घालून कोलम रेखणाऱ्या तमिळ गृहिणीच्या दिनक्रमात ही सोय केव्हाचीच आहे.

मग पश्चिमेची बाग सर्वस्वी त्याज्य काय? तसे म्हणणे एकांगी ठरेल. येथे एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: बाग हवी ती बसण्यासाठी, की घरासाठी? पश्चिमेला मोकळी जागा आहे आणि तिच्यात एखादा कडुलिंब वाढलेला आहे, असे घर मिळाले, तर दुपारी तीनपासून सहापर्यंत भिंतींवर येणारा सूर्याचा मारा तो वृक्ष स्वतःच्या अंगावर घेतो. आतील खोल्या त्यामुळे संध्याकाळी लवकर निवतात, आणि वातानुकूलन यंत्राचे विजेचे बिल पाहताना झाडाचे मोल कळते. अशा बागेत फुलझाडे रोडावतील, हिरवळ जळेल, दुपारी तेथे कोणी पाऊलही ठेवणार नाही. तरीही ती बाग घराची सेवा करीत असते. कोकणात आणि देशावरही घराच्या मावळतीला मोठी झाडे राखण्याची रीत होती, ती काही कोणी ग्रंथ वाचून पाडलेली नव्हती. मात्र हे गणित वाढलेल्या झाडालाच लागू आहे. उघड्या पश्चिम अंगणात आज रोप लावून सावलीसाठी दहा वर्षे वाट पाहण्याची तयारी किती जणांची असते?

झाडाच्या जागेची निवड करताना वादळाचीही आठवण ठेवावी लागते. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईवर आदळले, तेव्हा शहरातील हजारो झाडे एका दिवसात उन्मळून पडली. नुंगंबाक्कमचे कित्येक सावलीचे रस्ते दुसऱ्या दिवशी ओळखू येईनात. चक्रीवादळात वारा एकाच दिशेचा नसतो. वादळाचे केंद्र पुढे सरकले की तो फिरतो, आणि एका बाजूने सैल झालेले झाड दुसऱ्या बाजूच्या झोताने कोसळते. तेव्हा अमुक दिशेचे झाड सुरक्षित, असा भरवसा कोणी देऊ नये. शेवग्यासारखे ठिसूळ लाकडाचे झाड घराच्या काचांपासून दूर असावे, एवढी खबरदारी मात्र कोणत्याही दिशेला घेता येते.

पाण्याचा मुद्दा याहून निकडीचा आहे. चेन्नईच्या वार्षिक पावसापैकी अर्ध्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची बागेची सारी कालगणना जूनपासून सुरू होते. रोपे लावायची ती मृगात, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेले असते. येथे मृगात लावलेल्या रोपाला पुढचे चार महिने विकतचे पाणी घालावे लागते. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले. तेव्हा बागा जगवायच्या की घरात बादलीभर पाणी ठेवायचे, असा प्रश्न चांगल्या-चांगल्या वस्त्यांत उभा राहिला. पश्चिमेची आणि मे-जूनमधील उत्तरेची बाग पूर्वेच्या बागेपेक्षा अधिक पाणी पिते, हे त्या वर्षी ज्यांच्या अनुभवास आले असेल त्यांना निराळे सांगायला नको. तमिळनाडू सरकारने २००३ पासून प्रत्येक इमारतीस पर्जन्यजल संकलन सक्तीचे केले आहे. घर पाहताना ते शोषखड्डे कोठे आहेत आणि आवाराचा उतार कोणीकडे आहे, हेही पाहावे. त्याच शहरात २०१५ च्या डिसेंबरात घरांत पाणी शिरले होते. बागेचा कोपरा सखल असेल, तर पावसाळ्यात तेथे रोपांची मुळे कुजतात आणि पायरीपर्यंत पाणी येते.

येथे वास्तुशास्त्राचा विषय येणे अपरिहार्य आहे, कारण त्यावाचून आज घराचा व्यवहार होत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्या आहे आणि वृक्षायुर्वेदही आहे. एकाच ग्रंथात घर आणि झाड या दोहोंचा विचार करणाऱ्या परंपरेची टवाळी करण्याचे कारण नाही. तमिळ मुलखात ‘मनैयडि शास्त्रम्’ त्याच घराण्यातले. ईशान्येला पाणी असावे, पूर्व मोकळी असावी, हे संकेत चेन्नईच्या पूर्वेकडे उतरणाऱ्या जमिनीला आणि ईशान्येच्या पावसाला छान जुळतात. आक्षेप आहे तो जुन्या संकेतांचे दरपत्रक करण्याला. दक्षिणाभिमुख म्हणून एखादे घर नाकारले जाते, त्याचा भाव पडतो, आणि ज्या अंगणात हिवाळाभर ऊन आणि उन्हाळ्यात तेन्रल येणार होता ते अंगण बाजारात पडून राहते. उलट उत्तराभिमुख म्हणून चढ्या भावाने घेतलेल्या घराचे अंगण अग्निनक्षत्रात तव्यासारखे तापते. डोळसपणे व्यवहार करणाऱ्याला यात संधीच दिसली पाहिजे.

या साऱ्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे घराशेजारी आकाश मोकळे आहे. नुंगंबाक्कमच्या बाबतीत हेच गृहीतक सर्वांत कच्चे आहे. राजेंद्र चोळाच्या ताम्रपटात नाव सापडणारे हे गाव १७०८ मध्ये कंपनीच्या ताब्यात आले. पुढे किल्ल्यातील दाटी सोडून श्रीमंत व्यापारी आणि अधिकारी या बाजूला राहायला आले. त्यांनी प्रशस्त आवारांच्या मधोमध ‘गार्डन हाउस’ बांधली. चहूबाजूंनी बाग असल्यामुळे बागेची दिशा हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. उन्हाळ्यात या बाजूला आणि हिवाळ्यात त्या बाजूला खुर्च्या हलवल्या की झाले. ती आवारे विभागली गेली, विभागांचे भूखंड झाले, भूखंडांवर इमारती आल्या. वॉलेस गार्डन, पायक्रॉफ्ट्स गार्डन रोड ही नावे उरली. टँक बंड रोड हे नावही असेच. ज्या तळ्याचा तो बांध, ते तळे बुजवून त्यावर वस्ती झाली. चार बाजूंची बाग एका बाजूवर आली, तेव्हा कोठे दिशेचा प्रश्न जन्माला आला.

आणि ती एक बाजूही उद्या तशीच राहील याची शाश्वती नाही. दक्षिणेकडच्या शेजाऱ्याने आपला जुना बंगला पाडून चाळीस फुटांची इमारत उभी केली, तर डिसेंबरात तिची दुपारची सावली उत्तरेकडे तीस फूट येईल. पुण्यात ती छत्तीस फूट येते. तमिळनाडूच्या २०१९ च्या एकत्रित विकास व इमारत नियमावलीनंतर पूर्वीपेक्षा अधिक बांधकामाला वाव मिळाला आहे, म्हणजे ही शक्यता कल्पनेतली नव्हे. अशा वेळी कायदा मदतीला येईल, असे अनेकांना वाटते. ‘वीस वर्षे ऊन घेत आहोत, आता कोण अडवणार?’ हा युक्तिवाद महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांतही ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. मद्रास इलाख्याला तो प्रारंभापासून लागू होता आणि मुंबई इलाख्याला १८९१ पासून. त्याच्या पंधराव्या कलमानुसार इमारतीला वीस वर्षे अखंड व निर्वेधपणे मिळत आलेला प्रकाश व हवा यांचा हक्क प्राप्त होऊ शकतो. परंतु लगेच सतरावे कलम सांगते की, मोकळ्या जागेला मिळणाऱ्या प्रकाशाचा वा हवेचा असा हक्क वहिवाटीने मिळत नाही. थोडक्यात, कायदा खिडकीचे ऊन काही प्रमाणात राखतो. बागेचे ऊन राखत नाही. तुळशीवृंदावनावर तीन पिढ्या ऊन पडत आले असले, तरी शेजाऱ्याच्या मंजूर इमारतीपुढे त्या उन्हाची बाजू घेणारे कलम नाही. बागेसाठी म्हणून जादा किंमत मोजणाऱ्या प्रत्येकाने ही तरतूद आधी समजून घ्यावी.

कारण जादा किंमत मोजली जाते, आणि ती थोडीथोडकी नसते. ‘गार्डन फेसिंग’ सदनिकेसाठी बांधकाम व्यावसायिक वेगळी रक्कम लावतात. घर बागेकडे तोंड करून आहे, एवढेच त्या शब्दांत सांगितलेले असते. बाग कोणाकडे तोंड करून आहे, ते सांगितलेले नसते. उदाहरणादाखल ही जादा रक्कम तीन लाख धरली आणि ती साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या गृहकर्जात घातली, तर मासिक हप्ता सुमारे सव्वीसशे रुपयांनी वाढतो आणि वीस वर्षांत त्या तीन लाखांपोटी सव्वासहा लाख रुपये भरले जातात. सहा लाखांची वस्तू घेताना माणूस ती उलटसुलट करून पाहतो. बाग मात्र माहितीपत्रकातील रंगीत चित्रावरून घेतली जाते, आणि त्या चित्रात ऊन नेहमी चित्रकाराच्या सोयीने पडलेले असते.

तळमजल्याच्या सदनिकेबरोबर ‘खासगी बाग’ देऊ केली जाते, तेव्हा तर अधिकच सावध असावे. स्थावर संपदा अधिनियम २०१६, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला ‘रेरा’, प्रकल्पातील उद्यानांची गणना सामाईक क्षेत्रात करतो. सदनिकाधारकाचा जमिनीत असतो तो अविभक्त हिस्सा. त्या बागेचा स्वतंत्र वापर दस्तात कोणत्या शब्दांत दिला आहे, मंजूर नकाशात ती जागा काय म्हणून दाखवली आहे, हे पाहिल्यावाचून सही करू नये. विक्रेत्याने तोंडी दिलेली बाग पाच वर्षांनी संस्थेच्या वाहनतळाखाली जाते, आणि मग ती पूर्वेला होती की पश्चिमेला, याला महत्त्व उरत नाही. बँकेचे मूल्यमापन चटई क्षेत्र, बांधकामाचा दर्जा, परिसरातील दर यांवर होते. बागेचे ऊन त्यात कोठेही धरलेले नसते. ते पाहण्याचे काम ग्राहकाचे स्वतःचेच.

ते फार अवघडही नाही. घर निदान दोनदा पाहावे, एकदा सकाळी आठला आणि एकदा दुपारी चारला. बहुतेक व्यवहार रविवारी अकरा वाजता पाहिलेल्या घरांचे होतात. त्या वेळी सगळ्याच बागा सुंदर दिसतात. होकायंत्र भ्रमणध्वनीत असते, पण लोखंडी सळ्यांच्या भिंतीजवळ त्याची सुई बहकते, म्हणून आवाराच्या मोकळ्या भागात उभे राहून दिशा पाहावी. दस्तातील चतुःसीमा हातात घेऊन चारी बाजूंना फिरावे, आणि दक्षिणेच्या व पश्चिमेच्या शेजाऱ्याची इमारत किती जुनी, किती बुटकी आहे, याची चौकशी करावी. बुटके जुने घर शेजारी असणे हे आज सुख असले, तरी उद्याची ती सावली आहे. सदनिकेच्या गॅलरीत कुंड्या ठेवणाऱ्यांनी वरच्या मजल्याचा स्लॅबही हिशेबात धरावा. दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्याचे ऊन आत येते आणि जूनमध्ये दुपारी मुळीच येत नाही. पूर्वेच्या व पश्चिमेच्या गॅलरीत तिरपे ऊन बारा महिने शिरते. हीच पाहणी पुणे, नाशिक, कोल्हापूर येथेही करता येते. फक्त वाऱ्याची बाजू आणि पावसाचे महिने त्या त्या गावाचे घ्यावेत.

ज्यांचा व्यवहार आधीच झालेला आहे आणि वाट्याला उत्तरेची अरुंद, सावलीची पट्टी आली आहे, त्यांनी तेथे मोगऱ्याचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यातील चार महिने वर हिरवी जाळी ताणावी. अळू आणि विड्याच्या पानाचा वेल अशा जागी बरे येतात. शिवाय अबोली आहेच. तमिळ बायका तिला ‘कनकांबरम्’ म्हणतात आणि मल्लिगैच्या पांढऱ्या कळ्यांबरोबर गुंफून वेणीत माळतात. तिला अर्धवट सावली चालते आणि कुंडीतही ती भरभरून फुलते.